एकोणतीस थडगी

पनवेलजवळच्या एका पाड्याभोवती प्रागैतिहासिक माणसांच्या घरांचे दगडी पाये आणि एकोणतीस थडगी होती. पाड्यावरचे काशीरामदादा आणि मालूवहिनी त्या थडग्यांना आपले पितर मानत आणि दर सर्वपित्रीला प्रत्येक दगडापुढे पान वाढत. खाणवाल्याचा जेसीबी दोनदा आला, तेव्हा दोघं त्याच्यापुढे आडवी झोपली होती.

ही जागा सरकारने जपावी म्हणून मी दोन वर्षं वहिनींच्या हातचं जेवून मोजमापं घेतली आणि अहवाल दिला. परवा कळलं, दादांनीच खाणीच्या संमतीपत्रावर अंगठा दिला. मी पोचले तेव्हा माळावर एकही थडगं उरलं नव्हतं.

"दादा, मी तुमच्या भरवशावर होते हो!"

"परक्याच्या मढ्यासाठी आमी कशाला मरायचं?" दादा माझ्याकडे न बघता म्हणाले.

"परकं? कोणी सांगितलं तुम्हाला?"

मालूवहिनींनी घरातून माझाच अहवाल आणला. त्यांच्या मुलाने, प्रणितने, एका वाक्याखाली पेनाने रेघ मारली होती: ‘या थडग्यांचा सध्याच्या ग्रामस्थांशी संबंध असल्याचा पुरावा नाही.’

"वहिनी, पुरावा नाही म्हणजे नातं नाही, असं नसतं," मी म्हणाले.

वहिनींनी अहवाल माझ्या हातात ठेवला.

 

"सरकारला सांगायच्या आदी आमाला तरी सांगायचं व्हतं, ताय."