साळूबाईंचा टाका

"आधी काय?" कैलासनं विचारलं.

साळूबाईंनी हातातल्या होल्डरकडं बघितलं. मग पायाशी पडलेल्या जाड केबलकडं.

"आधी रॉड."

"आधी अर्थिंग, मावशी. ह्यो चाप लोखंडाला धरून बसला पायजे. मग रॉड. मग काच तोंडापुढं. काच न्हाई धरली तर रातभर डोळ्यांत वाळू."

त्यांनी रॉड टेकवला. तो तिथंच चिकटला आणि लाल होत गेला. कैलासनं झटका देऊन तो सोडवला.

"टेकवू नका. काडीपेटीवर काडी वढता तसा वढा. कुरडई तळल्यावानी आवाज आला की समजा जमलं."

भरे फाट्यावरच्या त्याच्या शेडमध्ये आजवर कुणी साठीची बाई वेल्डिंग शिकायला आली नव्हती. पण कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. साळूबाईंचं घर डोंगराच्या कडेला. मागच्या महिन्यात रात्री मागच्या दारातून बिबट्या आत शिरला, दीड वर्षाची नात मिनू थोडक्यात वाचली. तेव्हापासून त्यांना लोखंडी जाळीचं दार हवं होतं.

"मी देतो की बनवून," कैलास म्हणाला होता.

"न्हाई. माझ्या हातचं पायजे. मिनूला काय झालं तर मी जगून काय करू?"

त्यानं दुसरी काच काढून त्यांच्या हातात दिली.

*

"आधी काय?"

"रॉड."

"काल काय सांगितलं, मावशी?"

"काल?" त्या थांबल्या. "काल... व्हय. अर्थिंग."

नवं काम, म्हातारं डोकं. कैलासनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

त्यांना सोडायला सून यायची. गौतमी लवळ्याला कॉलेजच्या कँटीनमध्ये कामाला होती. मिनू कडेवरच असायची; परत जाताना तिला शेजारी ठेवून मग ती कामावर जायची. "आईंना घरी एकटं पाठवू नका, भावजी," ती रोज बजावायची. "रस्त्यानं डंपर लई झालेत." मिनू आजीकडं झेपावली की गौतमी तिला पटकन दुसऱ्या कडेवर घ्यायची. ठिणग्या उडत होत्या. कैलासला ते बरोबरच वाटलं.

*

"आधी काय?"

"आधी तू जेवलास का, भिकू?"

कैलासचा हात थांबला. भिकू त्याचा बाप. याच जागेवर ऐरण टाकून विळे-कोयते घडवायचा. तो गेल्याला बरीच वर्षं झाली होती आणि आता त्याचं नाव कुणी घेत नव्हतं.

त्यानं त्यांची चूक दाखवली नाही.

"जेवलो," तो म्हणाला.

*

"आता पट्टीला नुसता टाका मारा. मग सगळा जोड भरू."

"टाका?" साळूबाईंनी तोंडापुढची काच खाली घेतली. "टाका तू मला शिकवतोस व्हय रं? अर्ध्या गावात माझ्या गोधड्या हायेत. अंधारात हात फिरवून सांगंन, ह्यो टाका माझा का परक्याचा."

त्या दिवसापासून त्यांचा हात बसला. आवाज कुरडईसारखा येऊ लागला. जोड मात्र ओबडधोबड. वरची जळकी खपली झाडली की खाली गोळेच गोळे.

"मावशी, वेल्डिंग हाय का गवऱ्या थापल्यात?"

"दोनी जाळाचंच काम की!"

त्यानं हसत ग्राइंडर उचलला. त्यांनी जोडावर आडवा हात ठेवला. हसू गेलं होतं.

"खबरदार. घासू नको. माझा हात वळखू आला पायजे."

शेवटी कडी-कोयंडा राहिला. कैलास चहा सांगून येईपर्यंत त्यांनी तो लावूनही टाकला होता. बाहेरच्या अंगाला.

"उलटा लावला की! बिबट्यानं कडी काढून आत यायचं का?"

"राहू दे."

नवशिके हीच चूक करतात. दार बसवताना बदलून देऊ, असं त्यानं मनाशी ठरवलं.

*

दार टेम्पोतून उतरलं. गौतमीनं सुट्टी घेतली होती. कैलासनं दार मागच्या चौकटीला लावून बघितलं. वीतभर कमी.

"माप चुकलं, मावशी."

"चुकलं न्हाई," गौतमी म्हणाली. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. "आत या."

स्वयंपाकघराला लागून एक लहान खोली होती. तिच्या चौकटीत दार नेमकं बसलं. खोलीत एक खाट, खाटेवर गोधडी, उशाशी पाण्याचा तांब्या.

"हितनं कुटला बिबट्या येतोय?"

साळूबाईंनी दार चौकटीत धरलं. त्यानं बिजागऱ्या पक्क्या केल्या आणि कोयंडा कापायला ग्राइंडर हातात घेतला.

"राहू द्या, भावजी," गौतमी म्हणाली. मिनू तिच्या कडेवर होती. तिच्या दुसऱ्या हातात कुलूप होतं.

साळूबाई त्याला वळसा घालून खोलीत गेल्या. खाटेवर बसल्या, परत उठल्या आणि आतून त्यांनीच दार ओढून घेतलं.

"बिबट्या न्हवता, भिकू. त्यो गावाला सांगायला," त्या म्हणाल्या. "रातीचं पोरीला वढ्याकाठी मीच ठिवून आले म्हणत्यात. मला काय आठवत न्हाई."

मिनू गजांकडं झेपावली. गौतमीनं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं. कुलूप तिच्या हातातच राहिलं.

"घाल," साळूबाई म्हणाल्या. गजांमधून बोटं बाहेर काढून त्यांनी कोयंड्याचा खडबडीत जोड चाचपला. "उद्या मी वराडंन, सुनेनं कोंडलं म्हणून शिव्या घालंन. तवा वाद घालू नको, पोरी. नुसता माझा हात धरून हितं टेकव. माझाच टाका हाय म्हणल्यावर गप बसंन मी."