बाळाच्या हातावर ठेवायला

डिस्कवर नऊ फाइली उघड्या होत्या. केतकीनं आठ बंद केल्या. नववी बंद होईना, म्हणून डिस्क निघेना.

डिस्कवर शालनमावशी होती. तिला प्रवास झेपत नव्हता. म्हणून शरीर उदगीरच्या दवाखान्यात झोपवून तिनं नुसतं मन डिस्कवर उतरवून पाठवलं होतं, केतकीचं बाळ बघायला. संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेलं नाही, तर शरीर त्याला ओळखणार नव्हतं. डिस्क तशीच ओढून काढली असती, तर मनाचे तुकडे झाले असते.

केतकीनं टर्मिनल उघडून शोधलं. नववी फाइल मावशीनंच धरली होती. ती फाइल केतकीच्या कॉम्प्युटरवरच्या बाळाच्या फोल्डरमध्ये जात होती.

"मावशी, काय चाललंय तुझं? कुरिअरवाला दारात उभा आहे."

"अगं, बाळाचं तोंड रिकाम्या हातानं बघतात का? आणि हात तर मी उदगीरलाच ठेवून आले!" स्पीकरमधून मावशी हसली. "तुझ्या आईनं तुला पहिल्यांदा माझ्या मांडीवर दिलं ना, ती दुपार देतेय."

आई गेली तेव्हा केतकी दोन वर्षांची होती.

"मग कॉपी कर. मूळ तुझ्याकडेच राहू दे."

"दिलेली वस्तू कुणी स्वतःकडे ठेवतं का गं?"

"मावशी, कॉपी कर."

"बरं बाई."

फाइल बंद झाली. डिस्क सुटण्यापूर्वी पडद्यावर हिशेब आला. बाळाच्या फोल्डरमध्ये ४१२ एमबी वाढले होते. डिस्कवरचे ४१२ एमबी कमी झाले होते.