डॉरिसचे सरकारी दात

“तोंड उघड,” सबनीस म्हणाले.

सबनीस डॉक्टर नव्हते, कारकून होते. पण दातांचा डॉक्टर भाईंदरच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदाच येई, आणि अर्ज भरायचा तर तोंडात काय नाही ते कुणीतरी पाहायलाच हवं होतं.

मुलीने तोंडावरचा हात काढला. वरचे, समोरचे चार दात नव्हते.

“नाव?”

मुलीने बाजूला पाहिलं. शेजारी तिचा बाप डॉमनिक टोपी हातात घेऊन उभा होता. उत्तनचा मच्छीमार. त्याने तिला कोपराने ढोसलं.

“डॉरिस,” ती म्हणाली. शेवटचं अक्षर फटीतून वाऱ्यावर गेलं.

“वय?”

“सोला,” बाप म्हणाला आणि बाप्तिस्म्याचा दाखला त्याने टेबलावर ठेवला. मागायच्या आधी दाखला देणारा माणूस सबनीसांनी बावीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच पाहिला.

१९३८चा जानेवारी होता. अपघातात दात गेलेल्या, अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना फुकट दात द्यायचं सरकारने नुकतंच ठरवलं होतं. अठराच्या वरच्यांनी पडताना तोंड सांभाळावं, अशी अपेक्षा असावी.

“अपघात कसा झाला?”

“होडी वर ओढताना दोर तुटला. खालचा ओंडका उसलला, दोघी बहिणींना लागला.”

“दुसरी कुठाय?”

“गेली. मोठी होती. सेलेस्टिन. वीस वर्सांची.”

सबनीसांची लेखणी थांबली. मुलगी खिडकीबाहेर मिठाच्या ढिगांकडे बघत होती.

“अपघाताचा पुरावा लागेल हो,” ते हळू आवाजात म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं, पण रकाना रिकामा होता.

डॉमनिकने दुसरा कागद काढला. पाटलाकडची मृत्यूची नोंद. सेलेस्टिन, वय वीस, ओंडका लागून मयत.

“हे चालेल,” सबनीस म्हणाले. “याहून चांगला पुरावा लोक सहसा आणत नाहीत.”

मुलगी सही करायला वाकली, तेव्हा तिच्या बोटातली अंगठी त्यांना दिसली.

“हिचं ठरलंय? इतक्यात?”

“बहिणीची हाय ती. गोराईचा पोर ठरलेला.” डॉमनिकने टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. “त्याची आई म्हनते, हिला दात बसले तर हिला करू. न्हायतर न्हाय. मे म्हयन्यापावत थांबतील. म्हनून घाई हाय, सायेब.”

“म्हणजे मोठीच्या जागी धाकटी.”

“तसाच काय ते,” डॉमनिक म्हणाला.

मुलीची आई दारातच उभी होती, काळ्या लुगड्यात. “बाय, चल,” एवढंच म्हणून ती वळली.

पुढच्या महिन्यात डॉक्टर आले. त्यांनी आरसा आत फिरवला.

“अरे वा, चारी अक्कलदाढा! सोळाव्या वर्षी?”

“आमचेकडे लवकर येतात,” डॉमनिक म्हणाला.

“आमच्या कचेरीत पन्नाशीतही येत नाहीत,” सबनीस म्हणाले. डॉक्टर हसले, त्यांनी वय सोळा लिहिलं आणि माप घेतलं.

मार्चमध्ये वरून विचारणा आली : सदर दात अपघातापूर्वी तोंडात होते काय? सबनीसांनी ‘होते’ असं लिहून पाठवलं. एप्रिलमध्ये पुन्हा विचारणा आली : कोणी मोजले? डॉमनिक दर सोमवारी उत्तनहून चालत येई, बाकावर बसे आणि चालत परत जाई. मे महिन्यात तो चार वेळा आला. जूनमध्ये एकदाही आला नाही.

दात ऑक्टोबरात आले. कागदाच्या खोक्यात, कापसात, चार.

मुलीच्या बोटात अंगठी नव्हती.

“परत केली,” सबनीसांनी न विचारताच डॉमनिक म्हणाला. “गोराईच्या पोराने दुसरी केली.”

“मग आता हे?”

“आलेत, तर बसवा.”

डॉक्टरांनी दात बसवले. “डॉरिस, हस बघू.” मुलीने वर पाहिलं नाही. “डॉरिस!” तेव्हा तिने ओठ वर ओढून दात दाखवले. सबनीसांनी ‘समाधानकारक’ असा शेरा मारला.

“आता नीट ऐका,” त्यांनी डॉमनिकला सांगितलं. “हिला अठरा पूर्ण होईपर्यंत दात सरकारचे. मोडले तर फुकट बदलून मिळतील. वर्षातून एकदा तपासनीस गावात येईल. दात जागेवर आहेत का, मुलगी जागेवर आहे का, सगळं बघेल. आजूबाजूला चौकशीही करील.”

“गावात खय खय फिरेल?”

“तो सरकारी माणूस. कुठेही फिरेल.”

डॉमनिकने मान डोलावली.

दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, उत्तनच्या दफनभूमीत सगळ्यांनी आपापल्या कबरी झाडल्या, फुलं घातली. डॉमनिकच्या घरचा क्रूस वर्षाचाच होता, साध्या लाकडाचा, कोरा. आईने पिशवीतून मेणबत्ती काढली आणि मुलीच्या हातात दिली.

“सेलेस्टिन, तू लाव. तुझी धाकटी होती.”

मुलीने दात काढून रुमालात बांधले, गुडघे टेकले आणि मेणबत्ती लावली.

“क्रुसावर नाव कवा लिवायचा?” आईने विचारलं.

डॉमनिकने आधी फाटकाकडे पाहिलं.

“डॉरिसला अठरा पुरी होऊं दे,” तो म्हणाला.