उजवा कौल

रामनगरात पुंडलिक मास्तरांचा टायपिंग क्लास होता, पण आता पोरांना टाइपरायटर नको होता, कॉम्प्युटर हवा होता. मास्तर बेळगावला गेले, तर दुकानदार म्हणाला, "आज हा फोर-एटी-सिक्स कॉम्प्युटर नेलात, तर नवा पेंटियम स्वस्त झाल्यावर हळहळाल. बघा, तुमची मर्जी." मास्तरांच्या जिवाला घोर लागला. झेपणार होतं ते एकच यंत्र.

शेवटी त्यांनी गावदेवीचे पाय धरले. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "आई, नव्या यंत्रासाठी थांबू काय?" मास्तरांनी हात जोडले. उजवी पाकळी अलगद खाली आली. मास्तर निर्धास्त होऊन थांबले.

दिवाळीच्या आत समोरच्याच माडीवर कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली. यंत्र तेच, फोर-एटी-सिक्स, आणि क्लास त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या देवकीचा. मास्तरांची पोरं एकेक करून रस्ता ओलांडून गेली. त्यात कानावर आलं की देवकीनंही आधी कौल लावला होता. मास्तर तणतणत देवळात शिरले. "मला थांब म्हटलं आणि तिला घे? हा कसला देवीचा न्याय?"

गुरव समईची वात सारखी करत राहिला. "तुमी 'थांबू काय' म्हणून इचारलंसा. तिनं 'घेऊ काय' म्हणून इचारलं.

आई दोघांनाबी व्हयच म्हणाली, मास्तर."