सुई उचलेपर्यंत

या, जरा सरकून जवळ बसा. गाणाऱ्या एका बाईची आणि तिच्या नवऱ्याने उगवलेल्या सूडाची गोष्ट सांगतो.

लीड्सच्या चर्चमध्ये व्हर्ना गायला लागली की मागच्या बाकावरचे पेंगणारेही ताठ बसत. डॅरेनच्या नाचगाण्यांच्या बँडने आपल्या तबकडीसाठी तिच्याकडून गाऊन घेतलं आणि वेष्टनावर छापलं, ‘आवाज : यंत्राचा’.

तिने विचारलं, तर डॅरेन हसला. "मावशी, पोरांना यंत्राचं वेड आहे. बाईचं नाव दिसलं की खेळ खलास."

त्या दिवसापासून व्हर्ना चर्चमध्येही नुसते ओठ हलवू लागली.

तिचा नवरा लेनवर्थ तबकड्यांच्या कारखान्यात मूळ तबकडीवर गाण्याचे बारीक चर कोरायचा. डॅरेनची तबकडीही त्याच्याकडेच कोरायला आली. डॅरेनने नमुन्याची तबकडी अर्धीच ऐकली आणि म्हणाला, "छापा दहा हजार."

प्रकाशनाला हॉल भरला. गाणं संपलं, पण सुई थांबेना. लेनवर्थने शेवटचा चर गोल फिरवून स्वतःलाच जोडला होता, म्हणजे सुई त्यातच फिरत राहणार, आणि त्यात व्हर्नाने गाण्याआधी माइकपुढे सांगितलेले आपल्या नावाचे दोन शब्द कोरले होते.

"व्हर्ना कफी. व्हर्ना कफी. व्हर्ना कफी."

"हे काय केलंत, लेनवर्थ?" डॅरेन पांढराफटक पडला.

"यंत्र आहे बाळा, अडकलं असेल."

तोवर सगळा हॉल त्या नावावर नाचायला लागला होता.



ती तबकडी कधी हाती आलीच, तर गाणं संपल्यावर सुई लगेच उचलू नका. व्हर्नाबाईंची तेवढी आठवण ठेवा.