मोठा डबा

सरावाची फेरी संपवून परागने बॉनेट उघडलं आणि तो आनंदाने ओरडला. इंजिनातून वाफेबरोबर येणारं तेल अडवायला कालच बसवलेला छोटा डबा काठोकाठ भरला होता.

"बघा! हे सगळं परत इंजिनात जाऊन जळलं असतं. काय काम करतोय डबा!" मित्रांनी फोटो काढले.

रॅलीत शेजारी बसून त्याला वळणं वाचून दाखवणारी त्याची बहीण केतकी मात्र हसली नाही. "दादा, एका फेरीत चमचाभर तेल यायला हवं. पिस्टनच्या रिंगा गेल्यात. घाटात इंजिन फुटलं, तर आपलंच तेल आपल्या चाकांखाली येईल."

"ताई, तू वळणं वाच, इंजिन आम्ही बघतो!" एक मित्र म्हणाला आणि सगळे हसले.

ही रॅली सोडली, तर पुढची वर्षभर नव्हती. परागने छोटा डबा काढून दोन लिटरचा बसवला. "आता नाही भरणार," तो म्हणाला.

तो थांबणार नव्हता, आणि शेजारच्या सीटवर दुसऱ्या कुणाला बसवून केतकी त्याला जाऊ देणार नव्हती. तिने पट्टा आवळला.

झेंडा पडला. दरीच्या कडेने चढ सुरू झाला. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे तेलाचा लाल दिवा लागला.

"दादा, दिवा लागलाय."

परागने तिकडे पाहिलंही नाही.

"पुढचं वळण सांग."