शेवटची चौकट

चित्रकथेतला तो क्रूर नायक पडद्यावर जसाच्या तसा उतरावा, या एकाच अटीवर चित्रकाराने करारावर सही केली होती. दिग्दर्शकाने त्याचा मळका कोट, कपाळावरचा व्रण, शिव्यासुद्धा इमानाने जपल्या; घोडं अडलं ते शेवटापाशी. “सर, बायकोमुलाला सोडून जाताना त्याला एकदा तरी मागे वळू द्या. प्रेक्षक माफ करतील.” “म्हणूनच नको. माझा बाप वळला नव्हता,” शेवटच्या चौकटीतल्या पाठमोऱ्या आकृतीवर बोट ठेवून चित्रकार म्हणाला. “मी पांघरुणातून पाहत होतो.” शेजारी मटार सोलणाऱ्या आईचे हात थांबले. “नंतर तुला झोप लागली रे. ते परत आले होते. दार वाजवत राहिले.” “मग?” “मी कडी काढली नाही.” चाळीस वर्षं ती पाठ रेखाटणाऱ्या चित्रकाराने चौकटीवरचं बोट उचललं. आई दिग्दर्शकाला म्हणाली, “एवढं सिनेमात घालू नका हो.”